प्रतीक्षायादी आणि मालसाठा : भारतातील लहान स्कूटर उत्पादकांच्या मर्यादित विक्रीचा इतिहास

प्रस्तावना

वाणिज्य शाखेच्या आजच्या पाठ्यपुस्तकांत 'मर्यादित विक्री' हे विपणनाचे एक आधुनिक तंत्र म्हणून शिकविले जाते. ठराविक संख्येचाच माल बाजारात आणावयाचा, त्यासाठी आगाऊ नोंदणी घ्यावयाची, अनामत रक्कम हाती आल्यावरच उत्पादनाची आखणी करावयाची आणि तयार मालाचा साठा अंगावर पडू द्यावयाचा नाही, असे या तंत्राचे सर्वसाधारण स्वरूप आहे. लहान भांडवलाच्या उत्पादकाला ते विशेष आकर्षक वाटते. भारतीय ग्राहकाला मात्र या व्यवहाराचा परिचय फार जुना आहे. आपल्याकडे त्याला 'नंबर लावणे' म्हणत असत. टेलिफोनचा नंबर, गॅसचा नंबर आणि स्कूटरचा नंबर ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील तीन मोठी प्रतीक्षास्थाने होती. त्यांपैकी स्कूटरच्या नंबराचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परवाना पद्धतीवरील लेखनात स्कूटर उद्योगाचा उल्लेख वारंवार येतो; परंतु तो बहुधा बजाज ऑटो आणि शासन यांच्यातील संघर्षाच्या अंगाने येतो. विजय, लॅम्बी, पुष्पक, फाल्कन, केसरी, प्रिया या लहान नाममुद्रांच्या वाट्याला एखादी तळटीपच येते. वस्तुतः मर्यादित विक्रीचे गुणदोष पारखण्यासाठी मोठ्या उत्पादकापेक्षा हे लहान उत्पादक अधिक उपयुक्त आहेत. मोठ्याच्या दारातील रांग त्याच्या स्वतःच्या मालासाठी होती. लहानांच्या दारातील रांग बहुतांशी शेजारच्या दारातून आली होती, आणि हा फरक त्यांच्या हिशेबवह्यांत कोठेही दिसत नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या ऱ्हासाचे एक मुख्य कारण येथे सापडते.

परवाना, नियंत्रण आदेश आणि नंबर

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत स्कूटर हे वाहन आजच्या रूपात घडले. पॉन्टेडेरा येथील पियाज्जियो कंपनीने कोराडिनो द'आस्कानियो या अभियंत्याच्या आराखड्यावरून १९४६ मध्ये व्हेस्पा बाजारात आणली. मिलान येथील इनोसेंटी कंपनीने १९४७ मध्ये लॅम्ब्रेटा आणली. भारतात बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून आयात केलेली दुचाकी व तीनचाकी वाहने विकण्यास प्रारंभ केला. हीच कंपनी पुढे बजाज ऑटो या नावाने ओळखली जाऊ लागली. १९५९ मध्ये तिला उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पुण्याजवळील आकुर्डी येथे व्हेस्पाच्या आराखड्याची स्कूटर तयार होऊ लागली. मुंबईत भांडुप येथे ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लॅम्ब्रेटाची जुळणी व नंतर उत्पादन करीत होती. देशाच्या बाजारपेठेत प्रदीर्घ काळ मुख्यत्वे हीच दोन घराणी होती.

१९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानुसार कारखान्याने किती माल तयार करावा हे परवान्यात ठरलेले असे. १९६९ च्या मक्तेदारी प्रतिबंधक कायद्याने मोठ्या उद्योगसमूहांच्या विस्ताराला आणखी एक पायरी घातली. मागणी वाढत होती, उत्पादनाची मर्यादा मात्र दिल्लीहून ठरत होती. अशा परिस्थितीत जो माल निघेल तो कोणाला व कोणत्या क्रमाने द्यावयाचा, हा प्रश्न व्यापाराचा न राहता प्रशासनाचा झाला. १९६० च्या स्कूटर वितरण व विक्री नियंत्रण आदेशाने तो प्रशासकीय पद्धतीनेच सोडविला. इच्छुकाने अधिकृत विक्रेत्याकडे नाव नोंदवावयाचे, टपाल खात्याच्या बचत बँकेत ठराविक रक्कम भरून ते खाते विक्रेत्याकडे तारण ठेवावयाचे आणि नोंदवहीतील क्रमानुसार आपली पाळी येण्याची वाट पाहावयाची, अशी ही व्यवस्था होती. शासकीय सेवकांसाठी राखीव कोटा असे. परकीय चलनात किंमत चुकती करणाऱ्याला रांगेबाहेर वाहन मिळण्याची सोय पुढे झाली; त्यामुळे ज्यांचे आप्त आखाती देशांत वा अमेरिकेत होते अशा घरांत स्कूटर लवकर आली आणि शेजारपाजारी त्याची चर्चाही झाली.

पियाज्जियोबरोबरचा करार १९७१ मध्ये संपल्यावर बजाजने १९७२ मध्ये स्वतःच्या नावाने 'चेतक' आणली. तिच्यासाठी दहा वर्षांपर्यंत थांबावे लागे, अशी या काळाची ख्याती आहे. पाळी आलेल्या माणसाने स्कूटर घेऊन ती लगेच दुसऱ्याला विकली, तर कारखान्याच्या किमतीहून अधिक दाम मिळत असे. बाजाराच्या बोलीत या अधिक रकमेला 'ऑन' म्हणत. जुनी वस्तू नव्यापेक्षा महाग, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विसंगत वाटणारा प्रकार त्या काळी कोणालाही नवलाचा वाटत नव्हता. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याच्या यादीत स्कूटर असे आणि दूरदृष्टीचे वधूपिते त्यासाठी आधीच नंबर लावून ठेवीत.

रांगेचा हिशेब

मालसाठ्याच्या दृष्टीने ही व्यवस्था पाहिली असता काही गोष्टी ध्यानात येतात. विक्रेत्याच्या दुकानात तयार स्कूटरचा साठा जवळजवळ शून्य असे. गाडी मालमोटारीतून उतरली की तिचा मालक ठरलेला असे. साठवणुकीचा खर्च नाही, जुन्या नमुन्याचा माल पडून राहण्याचे भय नाही, सवलत देऊन माल खपविण्याची वेळ नाही. आज ज्याला आदर्श साठा व्यवस्थापन म्हणतात त्याचे वरवरचे सर्व लक्षण येथे होते.

परंतु साठा नाहीसा झाला नव्हता; त्याचे रूप पालटले होते. स्कूटरींच्या रांगेऐवजी माणसांची रांग उभी होती. साधारण व्यापारात माल थांबतो आणि त्याचा खर्च व्यापारी सोसतो. येथे ग्राहक थांबत होता आणि खर्चही तोच सोसत होता. तयार मालाच्या साठ्यातून व्यापाऱ्याला जी माहिती मिळते ती मात्र या उलट्या साठ्यातून मिळत नसे. दुकानात एखाद्या रंगाची वा नमुन्याची गाडी महिनाभर पडून राहिली, तर ती लोकांना नको आहे हे मालकाला समजते. प्रतीक्षायादीत कोणतीही गाडी पडून राहत नाही, म्हणून कोणती गाडी नको आहे हे कधीच समजत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. यादीतील प्रत्येक नाव म्हणजे एक ग्राहक असे नव्हते. नंबर लावण्याची रक्कम वाहनाच्या किमतीच्या मानाने अल्प होती आणि पाळी आल्यावर 'ऑन' मिळण्याची शक्यता होती. अशा स्थितीत नंबर ही स्वतःच एक मालमत्ता बनते. एकाच घरातून वडिलांच्या, मुलाच्या व मेहुण्याच्या नावे नोंदणी करणे, चेतकबरोबर दुसऱ्या एखाद्या गाडीसाठीही नाव देऊन ठेवणे आणि जी आधी मिळेल ती घेणे, हे व्यवहारी शहाणपणच होते. त्यात कोणी लबाडी केली असे म्हणता येत नाही; नियमांनीच तसे वागणे फायद्याचे करून ठेवले होते. परिणामी निरनिराळ्या उत्पादकांच्या याद्यांची बेरीज केली तर ती खऱ्या मागणीहून कितीतरी मोठी भरावी, हे उघड आहे. मोठ्या उत्पादकाला या फुगवट्याचा फारसा उपद्रव नव्हता, कारण यादीतील बरीच नावे गळाली तरी उरलेली त्याच्या कारखान्याला पुरेशी होती. लहान उत्पादकाच्या यादीत मात्र गळणारी नावेच अधिक असण्याचा संभव होता.

विजय, पुष्पक, फाल्कन आणि प्रिया

ही टंचाई दूर करण्यासाठी शासनाने जो मार्ग निवडला तो त्या काळाला साजेसा होता. बजाजला हवा तितका विस्तार करू देण्याऐवजी नवे उत्पादक उभे करावयाचे ठरले. इटलीतील इनोसेंटी कंपनीने लॅम्ब्रेटाचे उत्पादन थांबविल्यावर तिची यंत्रसामग्री, आराखडे व नाममुद्रेचे हक्क भारत सरकारने विकत घेतले आणि सप्टेंबर १९७२ मध्ये लखनौ येथे स्कूटर्स इंडिया लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली. तेथे १९७५ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू झाले. देशांतर्गत बाजारासाठी 'विजय सुपर' आणि परदेशासाठी 'लॅम्ब्रेटा' अशी नावे ठेवण्यात आली. नावाचे हक्क लखनौला गेल्यामुळे भांडुपच्या जुन्या उत्पादकाला आपल्या गाडीचे नाव बदलून 'लॅम्बी' करावे लागले. एकाच इटालियन आराखड्याची दोन भावंडे एकाच बाजारात निरनिराळ्या आडनावांनी वावरू लागली.

पुढे लखनौच्या कारखान्याने इंजिने व सुट्या भागांचे संच राज्यांच्या पातळीवरील लहान कारखान्यांना पुरविण्यास आरंभ केला. आंध्र प्रदेशाची 'पुष्पक', कर्नाटकाची 'फाल्कन', पंजाबची 'केसरी' या गाड्या या व्यवस्थेतून निघाल्या. राज्याराज्याला स्वतःची स्कूटर हवी होती. त्यामागे रोजगाराचा विचार होता तसाच अभिमानाचाही होता. मालसाठ्याच्या अंगाने मात्र ही रचना नाजूक होती. ज्या कारखान्याला इंजिन दुसरीकडून येते त्याला आपल्या उत्पादनाचा वेग स्वतः ठरविता येत नाही. पत्रे, टायर, दिवे, आसने गोदामात असली तरी इंजिन आल्याशिवाय त्यांची स्कूटर होत नाही. म्हणजे तयार माल शून्य असतानाही भांडवल अडकून पडते. मर्यादित विक्री हे या कारखान्यांचे धोरण नव्हते, ती त्यांची लाचारी होती. तरीही जोवर बाजारात टंचाई होती तोवर या लाचारीची किंमत ग्राहक देत होता.

महाराष्ट्राचे उदाहरण याहून निराळे आहे. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांच्या संयुक्त भागीदारीतून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि सातारा येथे 'प्रिया' तयार होऊ लागली. महामंडळाचा हिस्सा २७ टक्के आणि बजाजचा २४ टक्के होता. प्रियाला बजाजचे तंत्र व बजाजचेच नाव लाभले. दिल्लीच्या परवाना पद्धतीत आकुर्डीला जे मोकळेपणाने करता येत नव्हते, त्यातील काही साताऱ्यात साधता आले, असे म्हणावयास हरकत नाही. पुष्पक वा फाल्कनच्या तुलनेत प्रियाचा ग्राहक अधिक निश्चिंत होता, कारण तिचा सुटा भाग गावोगावच्या बजाजच्या मेकॅनिककडे मिळण्याची खात्री होती. लहान नाममुद्रेला टिकण्यासाठी स्वतंत्र नोंदवहीपेक्षा सुट्या भागांची फळी अधिक मोलाची असते, हे या तुलनेतून स्पष्ट होते. केबल तुटली, कार्ब्युरेटर बिघडला तर दुसऱ्या दिवशी कामावर जाता येईल काय, हा ग्राहकाचा खरा प्रश्न होता. स्कूटर देण्यापूर्वी दहा वर्षे थांबविणारा उत्पादक त्याला क्षम्य वाटे. स्कूटर दिल्यानंतर सुट्या भागासाठी महिनाभर थांबविणारा वाटत नसे.

रांग विरघळली

१९८० नंतर धोरण सैल होऊ लागले. कानपूरच्या एलएमएल कंपनीने १९८३ मध्ये पियाज्जियोशी सहकार्य केले. फिरोदिया यांच्या कायनेटिक समूहाने १९७२ मध्ये 'लूना' मोपेड आणून परवडणाऱ्या वाहनाचा एक निराळा मार्ग आधीच दाखविला होता. १९८४ मध्ये त्यांनी होंडाबरोबर संयुक्त कंपनी स्थापन केली आणि गिअर न बदलता चालणारी, बटण दाबून सुरू होणारी स्कूटर आणली. बजाजचा वाळूज येथील कारखाना ५ नोव्हेंबर १९८५ रोजी सुरू झाला. ज्या कंपनीने १९७७ मध्ये प्रथमच एका आर्थिक वर्षात एक लाख वाहने विकली होती, तिची विक्री १९८६ मध्ये पाच लाखांवर गेली. नऊ वर्षांत पाचपट वाढ झाली.

पुरवठा वाढला की रांग हळूहळू आखडेल, अशी सामान्य अपेक्षा असते. परंतु जी रांग दुहेरी नोंदणीने फुगली आहे ती आखडत नाही, विरघळते. एका घराला चेतक मिळाली की त्याच घराने इतरत्र लावलेले नंबर एकदम निरर्थक होतात. 'ऑन' नाहीसा झाला की केवळ त्यासाठी लावलेली नावेही गळतात. याचा पहिला फटका, साहजिकच, दुसऱ्या पसंतीच्या गाड्यांना बसला. त्यांच्या याद्या मोठ्या दिसत होत्या त्या चेतकच्या रांगेतून सांडलेल्या माणसांमुळे. मूळ रांगच ओसरल्यावर सांडणे थांबले. आता प्रथमच या उत्पादकांवर ग्राहक शोधत जाण्याची वेळ आली. परंतु विक्री करणे म्हणजे नोंदवहीतील पुढचे नाव पुकारणे, याहून वेगळे काही त्यांच्या यंत्रणेला शिकविलेले नव्हते. १९८९ च्या सुमारास दूरदर्शनवर गाजलेली 'हमारा बजाज' ही जाहिरातही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. देशभक्तीच्या अंगाने तिची चर्चा पुष्कळ झाली. पण ज्या कंपनीच्या दारात दहा वर्षांची रांग होती तिलाही आता ग्राहकाला साद घालावी लागत होती, ही त्यातील व्यापारी बातमी होती. बजाजला ती साद घालता आली. लखनौला आली नाही.

जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांवरील परवान्याचे बंधन उठले. स्कूटर्स इंडियाने १९९७ मध्ये दुचाकींचे उत्पादन थांबविले व ती तीनचाकी वाहनांवर तगून राहिली. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती बंद करण्यास मान्यता दिली. महाराष्ट्र स्कूटर्सने २००६ मध्ये स्कूटर बनविणे सोडले आणि साचे व जिग तयार करण्याचे काम धरले. तिच्याकडे बजाज समूहाचे समभाग होते. ते इतके मूल्यवान ठरले की महामंडळाचा २७ टक्के हिस्सा कोणत्या भावाने विकावयाचा यावरील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये मिटला. कंपनीचे कपाट गाडीपेक्षा मौल्यवान निघाले. बजाजनेही २००९ मध्ये स्कूटरमधून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. तोवर रस्ते मोटारसायकलींनी आणि २००१ मध्ये आलेल्या होंडा ॲक्टिव्हाने भरले होते.

विजेवरील स्कूटर आणि नवी नोंदवही

विजेवर चालणाऱ्या स्कूटरींबरोबर नंबर लावण्याची रीत परतली. या वेळी टंचाई शासनाच्या आदेशाने निर्माण झाली नव्हती. बॅटरीचे घटक व इलेक्ट्रॉनिक चिप यांचा पुरवठा अनिश्चित होता आणि नव्या उत्पादकांचे भांडवल बेताचे होते. बंगळूरच्या एथर कंपनीने २०१८ मध्ये आपली स्कूटर केवळ त्याच शहरात विक्रीस आणली आणि दुसरे शहर म्हणून चेन्नईत ती २०१९ मध्ये गेली. प्रत्येक शहरात आधी चार्जिंगची सोय, मग विक्री, असा क्रम ठेवला. गती मंद होती. परंतु सुट्या भागांचा साठा आणि दुरुस्तीची माणसे थोड्या ठिकाणी एकवटता आली. पुष्पक व फाल्कनला जे जमले नाही ते येथे हेतुपूर्वक केलेले दिसते.

ओला इलेक्ट्रिकने अगदी उलट मार्ग धरला. जुलै २०२१ मध्ये ४९९ रुपयांत देशभर नोंदणी खुली केली आणि पहिल्या २४ तासांत एक लाख नोंदण्या झाल्याचे कंपनीने जाहीर केले. सप्टेंबरमध्ये दोन दिवसांपुरती ऑनलाइन विक्री उघडली. त्यात अकराशे कोटी रुपयांहून अधिक विक्री झाल्याचे सांगण्यात आले. प्रत्यक्ष गाड्या मात्र १५ डिसेंबर २०२१ पासून, ठरल्याहून उशिरा, मिळू लागल्या. ४९९ रुपयांची परत मिळणारी नोंदणी म्हणजे मागणीचे मोजमाप नव्हे, कुतूहलाचे होय. टपाल बचत खात्यातील तारण रकमेपेक्षाही तिचा भार हलका आहे. विक्रेत्यांची साखळी टाळून थेट विक्री करण्याचे धोरण घेऊन निघालेल्या याच कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या दुकानांची संख्या चार हजारांवर नेल्याचे जाहीर केले. दुकान म्हणजे साठा. जो साठा नोंदवहीने टाळला होता तो शेवटी फरशीवर मांडावाच लागला.

बजाजने 'चेतक' हे नाव विजेवरील स्कूटरसाठी पुन्हा घेतले आणि जानेवारी २०२० मध्ये ती फक्त पुणे व बंगळूर येथे आणली. १३ एप्रिल २०२१ रोजी दोन हजार रुपये घेऊन पुन्हा नोंदणी उघडली आणि ४८ तासांच्या आत ती बंद केली. पुरविता येईल त्याहून अधिक नावे घेतली नाहीत. जुन्या चेतकच्या काळात कोणत्याही विक्रेत्याला, अगदी कंपनीलाही, नोंदवही मिटता येत नव्हती. नाव घेणे बंधनकारक आणि गाडी देणे परवान्याच्या हाती होते. यादीची लांबी ठरविण्याचा अधिकार या खेपेस प्रथमच उत्पादकाकडे आला होता. त्यानंतर त्याच वर्षी इतर शहरांत टप्प्याटप्प्याने नोंदणी उघडली गेली आणि जून २०२२ मध्ये आकुर्डीच्या जुन्या कारखान्याच्या जागी वर्षाला पाच लाख स्कूटरींच्या क्षमतेचा नवा कारखाना सुरू झाला.